बंद करणारा कॅम: डुकाटीचे डेस्मो इंजिन आणि त्याच्या देखभालीचा इतिहास

१/ इटलीतील बोलोन्या शहराच्या कडेला बोर्गो पानिगाले हा भाग आहे. तेथील कारखान्यातून पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेली डुकाटी मोटारसायकल आज कोणी विकत घेऊ लागला, तर जाणकार वेगाची चौकशी नंतर करतात. आधी विचारतात, "व्हॉल्व्ह शेवटचे कधी तपासले? पट्टे कधी बदलले?" प्रश्न गॅरेजमधला आहे, पण त्याचे मूळ १९५० च्या दशकातील शर्यतींत आहे. आजच्या धाग्यात तेथपासून सुरुवात करू.

२/ चार-स्ट्रोक इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण आत घेणारा आणि जळालेला वायू बाहेर सोडणारा असे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा असतात. कॅमचा उंचवटा झडप दाबून उघडतो आणि स्प्रिंग ती परत बंद करते. फेऱ्या फार वाढल्या की स्प्रिंग मागे पडते. झडप वेळेवर बसत नाही, कधी पिस्टनवर आदळते. त्या काळच्या पोलादाच्या स्प्रिंगा या ताणाखाली तुटतही असत आणि एक स्प्रिंग तुटली की शर्यत संपलीच.

३/ यावरचा एक उपाय असा, की झडप बंद करण्याचे कामही कॅमवरच सोपवायचे. एक कॅम उघडणारा, दुसरा बंद करणारा. या रचनेला 'डेस्मोड्रोमिक' म्हणतात. ग्रीक 'डेस्मोस' म्हणजे बंधन आणि 'ड्रोमोस' म्हणजे धाव. कल्पना जुनीच होती. मर्सिडीझ-बेंझने १९५४ आणि १९५५ मध्ये आपल्या डब्ल्यू १९६ या शर्यतीच्या मोटारीत ती वापरली आणि फांजिओने दोन्ही वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळवले. पुढे कंपनी शर्यतींतून बाहेर पडली. सामान्य ग्राहकाच्या मर्सिडीझपर्यंत ही रचना पोहोचलीच नाही.

४/ डुकाटीचा प्रारंभ १९२६ मध्ये झाला, तोही रेडिओच्या सुट्या भागांपासून. ऑक्टोबर १९४४ मधील बाँबवर्षावात तिचा कारखाना उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर सायकलला जोडायचे 'कुच्चोलो' हे छोटे इंजिन बनवून कंपनी पुन्हा उभी राहिली. १९५४ मध्ये तेथे फाबिओ तालिओनी हा तरुण अभियंता रुजू झाला. डुकाटीची पुढची कित्येक दशके त्याच्या रेखाटनांवर चालली.

५/ तालिओनीने १२५ सीसीच्या एका सिलिंडरवर तीन कॅमशाफ्ट बसवले. कडेचे दोन झडपा उघडत, मधला त्या बंद करी. इंजिन मिनिटाला सुमारे १२,५०० फेऱ्या घेई. जुलै १९५६ मध्ये स्वीडनमधील हेडेमोरा येथे जान्नी देली आंतोनी याने या गाडीवर पहिल्याच प्रयत्नात शर्यत जिंकली. त्याच वर्षी मोन्झा येथे सराव करताना त्याचा मृत्यू झाला.

६/ आता मुख्य मुद्दा. शर्यतीचे इंजिन वरचेवर उघडले जाते. त्याच्याभोवती पगारी कारागिरांचा ताफा असतो. तेथे किचकट रचना चालून जाते. १९६८ मध्ये डुकाटीने 'मार्क ३ डी' या २५० आणि ३५० सीसीच्या गाड्यांतून डेस्मो रस्त्यावर आणली. त्या दिवसापासून ताफ्याचे काम गाडीच्या मालकावर आणि त्याच्या गावातल्या कारागिरावर आले. रचनेचा लाभ मात्र ज्या फेऱ्यांना दिसे, त्या फेऱ्या रोजच्या प्रवासात क्वचितच गाठल्या जात.

७/ तरीही लोकांनी ही गाडी आपलीशी केली, कारण एप्रिल १९७२ मधील इमोला. तेथील २०० मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आला आणि ब्रूनो स्पाज्जारी दुसरा. दोघांच्याही गाड्या ७५० सीसीच्या, दोन सिलिंडरच्या डेस्मो डुकाटी होत्या. १९७४ मध्ये त्याच घडणीची ७५० सुपर स्पोर्ट विक्रीला आली. या इंजिनात कॅम फिरवण्यासाठी उभे दांडे आणि तिरक्या दातांची चाके होती. प्रत्येक चाक बारीक चकत्या घालून नेमके बसवावे लागे. काम देखणे खरे, पण वेळखाऊ आणि महागडे.

८/ म्हणून १९७९ च्या 'पांताह' ५०० मध्ये तालिओनीने दांड्यांच्या जागी दातेरी रबरी पट्टे आणले. इंजिन शांत झाले, जोडणी सोपी झाली, खर्च उतरला. १९९३ च्या 'मॉन्स्टर'सह पुढच्या अनेक डुकाटी याच वाटेने गेल्या. मात्र देखभालीत एक नवी बाब आली. रबर गाडी न चालवताही म्हातारे होते. पट्टा तुटला किंवा दात सुटले, तर पिस्टन आणि झडप एकमेकांवर आपटतात. म्हणून किलोमीटर कितीही कमी असोत, जुन्या डुकाटीचे पट्टे साधारण दोन वर्षांनी बदलण्याचा प्रघात आहे.

९/ प्रत्यक्ष काम कसे चालते? आपल्याकडे बुलेटचे 'टॅपेट सेट' करताना एका झडपेची एकच फट पाहतात. डेस्मोमध्ये दोन पाहाव्या लागतात: उघडणाऱ्या रॉकरची आणि बंद करणाऱ्या रॉकरची. इंजिन पूर्ण थंड हवे. उघडणारी फट ०.१ मिमीच्या आसपास, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाच्या जाडीइतकी. बंद करणारी जवळजवळ शून्य. दोन्ही फिलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजतात. दोन सिलिंडर, चार झडपा, आठ मापे.

१०/ माप चुकले, तर फिरवायला स्क्रू नाही. झडपेवरची 'शिम' नावाची छोटी टोपी काढून वेगळ्या जाडीची बसवावी लागते. बंद करणारी शिम तारेच्या दोन इवल्या अर्ध्या कड्यांवर टेकलेली असते. ती काढताना पिस्टन वरच्या टोकाला आणून ठेवतात, नाहीतर झडप सिलिंडरमध्ये घसरते. हवी ती जाडी हाताशी नसली, तर कारागीर जाड शिम काचेवरच्या पॉलिश पेपरवर घासून मापात आणतात. घासायचे थोडे, मोजायचे पुष्कळ.

११/ हे टाळले तर? कड्या हळूहळू दबतात, झडपेची बैठक झिजते. बंद करणारी फट वाढते आणि उघडणारी घटते. पहिलीमुळे गाडी सुरू व्हायला कुरकुरते, आयडलिंगला डगमगते. दुसरी अधिक घातक, कारण झडप पूर्ण टेकत नाही आणि तिची कड जळते. सुरुवातीच्या मॉन्स्टरसाठी ही तपासणी १०,००० किमीवर सांगितलेली होती. खर्च पाहून ती पुढे ढकलणारा मालक आणि ती करू जाणणारा कारागीर, या दोघांत त्या गाडीचे आयुष्य ठरत आले आहे.

१२/ ऑक्टोबर २०२० मध्ये डुकाटीने 'मल्टिस्ट्राडा'साठी नवे व्ही-४ इंजिन जाहीर केले. त्यात साध्या स्प्रिंगा होत्या आणि झडपांची तपासणी थेट ६०,००० किमीवर. १९५६ मध्ये ज्या पोलादावर विश्वास नव्हता, ते पोलाद आता भरवशाचे झाले होते. शर्यतीच्या गाड्यांत डेस्मो अजून आहे. लांबच्या प्रवासाच्या गाडीतून तिने निरोप घेतला.

१३/ यंत्रांचा इतिहास बहुधा संशोधक आणि विजेते यांच्या नावांनी लिहिला जातो. त्याचे दुसरे साधन गॅरेजच्या काळवंडलेल्या वहीत असते: कोणत्या सिलिंडरला, कोणत्या तारखेला, किती जाडीची शिम. इतिहासाच्या अभ्यासात अस्सल कागदाला जे मोल, तेच या नोंदींना. जुनी डुकाटी पाहण्याचा योग आला, तर ती वही आवर्जून मागा. तालिओनीची कल्पना त्या गाडीत आजवर कोणी जिवंत ठेवली, हे त्या वहीतूनच कळते.