कोखर यांचे अठरा रुग्ण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ऑपरेशन यशस्वी झालं असं डॉक्टरांनी सांगितलं, की आपण सुटकेचा निःश्वास सोडतो. पण ते यशस्वी झालं हे ठरवायचं कधी? टाके काढले त्या दिवशी, की नऊ वर्षांनी? आज मी जी हकिगत सांगणार आहे, तिच्यात हा प्रश्न एका फार मोठ्या शल्यविशारदापुढे उभा राहिला होता.

एकोणिसाव्या शतकातलं स्वित्झर्लंड. तिथल्या डोंगराळ मुलखात माती-पाण्यात आयोडीन कमी, त्यामुळे गलगंड गावोगावी दिसे. काहींचा तो इतका वाढे की श्वासनलिका दबून माणूस गुदमरू लागे. तरीही त्यावर सुरी चालवायला कोणी सहसा धजत नसे. थायरॉइड ग्रंथीत रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं. रुग्ण रक्तस्रावाने तरी जाई, नाहीतर जखम चिघळून. फ्रान्सच्या वैद्यक अकादमीने तर १८५० साली या शस्त्रक्रियेविरुद्ध कौलच दिला होता.

१८७२ साली थिओडोर कोखर बर्नला प्राध्यापक झाले. भूल आणि जंतुनाशकं हाताशी आली होती. त्यात कोखर यांचा हात संथ आणि कमालीचा नेटका. एकेक रक्तवाहिनी बांधत, थेंबभरही रक्त वाया न घालवता ते संपूर्ण ग्रंथी अलगद बाहेर काढत. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं. ही ग्रंथी शरीरात नेमकं काय काम करते, हे मात्र त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हतं. मग थोडी मागे ठेवायची तरी कशाला?

१८७४ च्या जानेवारीत त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची ग्रंथी अशीच पूर्ण काढली. जखम छान भरली. पुढे तिच्या गावच्या डॉक्टरने कळवलं, की पोरीचा स्वभाव पालटलाय, ती मंद झाली आहे. ते तेवढ्यावरच राहिलं. १८८२ साली जिनिव्हाच्या जाक-लुई रेव्हर्दां यांनी आपल्याही रुग्णांत असेच बदल दिसल्याचं कोखर यांना सांगितलं, तेव्हा ते चमकले. त्यांनी जुने रुग्ण परत तपासायला बोलावले.

संपूर्ण ग्रंथी काढलेले ३४ रुग्ण होते. त्यातल्या १८ जणांना त्यांनी पुन्हा तपासलं आणि १६ जणांची दशा सारखीच निघाली. चेहरा सुजलेला, कातडी कोरडी, बोलणं जड, सदा थंडी वाजते, विचार संथ झालेला. ती मुलगीही आली. तिची धाकटी बहीण तिच्यापेक्षा कितीतरी उंच झाली होती. ही मात्र खुजीच राहिली होती.

कोखर यांनी हे झाकून ठेवलं नाही. एप्रिल १८८३ मध्ये बर्लिनला शल्यविशारदांच्या परिषदेत त्यांनी सगळं मांडलं, आणि कर्करोग नसेल तर पूर्ण ग्रंथी काढायची नाही असं ठरवलं. नामांकित डॉक्टरने भर सभेत हे सांगणं सोपं नसतं, तेव्हाही नव्हतं.

गंमत अशी, की व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांच्या रुग्णांना निराळाच त्रास होई. बोटांना मुंग्या, हातापायांना पेटके, कधी आकडी येऊन मृत्यू. अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी दोघांचं काम जवळून पाहिलं होतं. त्यांनी पुढे लावलेला उलगडा मला फार मार्मिक वाटतो. कोखर निगुतीने काम करत, म्हणून थायरॉइडचा कणही मागे उरत नसे, पण आजूबाजूचं सारं शाबूत राही. बिलरोथ यांचा हात झपाट्याचा. त्यांच्याकडून थायरॉइडचे तुकडे मागे राहत, पण तिच्या पाठीशी चिकटलेल्या गव्हाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी दुखावल्या जात किंवा निघून येत. त्याच पॅराथायरॉइड, म्हणजे परावटू ग्रंथी. रक्तातलं कॅल्शियम त्याच सांभाळतात. माणसातल्या या ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रोम यांनी १८८० सालीच केलं होतं. त्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. त्याआधी रिचर्ड ओवेन यांना त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका गेंड्यात दिसल्या होत्या, आणि तो गेंडा आपला भारतीय!

थायरॉइडच्या अभावावर उपाय १८९१ साली सापडला. इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका बाईंना टोचला. त्यांना ऑपरेशनशिवायच हा आजार जडला होता. त्या सुधारल्या आणि पुढे अठ्ठावीस वर्षं जगल्या. कोखर यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळालं, थायरॉइडवरच्या कामासाठीच.

आज पूर्ण ग्रंथी काढली तर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यावी लागते, जन्मभर. ऑपरेशननंतर डॉक्टर रुग्णाला बोलायला लावतात, कारण स्वरयंत्राची नस तिथूनच जाते. ती दुखावली तर आवाज बसतो. रक्तातलं कॅल्शियम तपासतात. आणि ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या येतात का, हे विचारतात. तसं होत असेल तर अंगावर न काढता लगेच सांगावं. बहुतेकांचा हा त्रास तात्पुरता असतो आणि कॅल्शियम दिलं की आवरतो.