'बरंय'चा मागोवा

नगर रस्त्यावर कोरेगाव भीमाहून आत वळलं की पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक लागतं. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे गाव सगळ्यांना ठाऊक. जगभरातल्या आरोग्यविषयक नियतकालिकांत मात्र ते वेगळ्याच कारणानं छापून येतं. इथल्या पन्नाशीपुढच्या माणसांना एक साधा प्रश्न विचारला गेला होता : एकंदरीत आज तुमची तब्येत कशी आहे?

आपल्याकडे याचं उत्तर प्रश्नाआधीच तयार असतं. भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. उत्तर दोन्ही काठांवर तेच. 'बरंय.' फार खोदलंत तर 'चाललंय आपलं', त्याहून खोदलंत तर 'रेटतोय'.

या 'बरं'चं कुळ उंची आहे. संस्कृतातला 'वर', म्हणजे निवडून घेतलेला, श्रेष्ठ. त्याचाच मराठीत 'बरा' झाला आणि होता होता 'चांगला'च्या एक पायरी खाली येऊन बसला. स्थळ पाहून आलेला बाप 'मुलगा बरा आहे' म्हणाला की घरातल्यांना काय ते कळतं. 'बरं नाही' म्हणजे अंगात ताप, 'बरा झाला' म्हणजे दुखण्यातून उठला आणि 'बरंय, येतो' म्हणजे नुसता निरोप. एवढे अर्थ पोटात बाळगणारा शब्द प्रश्नावलीच्या चौकटीत बसवायचा म्हणजे विचारणाऱ्याची परीक्षाच. फार चांगली, चांगली, मध्यम, वाईट, फार वाईट : या पाचांतल्या कुठल्या घरात 'बरंय' टाकायचं?

माणसाच्या आत काय चाललंय ते मोजायचा खटाटोप याच जिल्ह्यात याआधीही झाला होता, पण तेव्हा विचारण्यावर कुणाचा भरवसा नव्हता. 1924 साली जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. त्याआधी बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी क्ष-किरणांसमोर योगक्रिया तपासून घेतल्या होत्या. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे त्यांनी पाऱ्याच्या दाबमापकावर दाखवलं आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचं, माधवदासांचं, नाव दिलं. गुरुभक्ती आणि दाबमापक एकाच वाक्यात नांदण्याचं याहून गोड उदाहरण मला माहीत नाही. योग्याला काय वाटतं हा इथे मुद्दाच नव्हता. पारा काय म्हणतो, तेवढंच खरं.

या भूमिकेला पहिला तडा लोणावळ्याच्याच एका शिष्याकडून गेला. कोवूर बेहानन हा मूळचा केरळचा, येल विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ. तो 1930 च्या दशकात कैवल्यधामात येऊन शिकला, परत गेला आणि त्यानं स्वतःवरच प्रयोग केले. उज्जायी प्राणायामात प्राणवायू सुमारे 25 टक्के जास्त खर्च होतो, असं यंत्र म्हणालं. प्राणायामानंतर लगेच बेरजा करणं, रंगांची नावं सांगणं असल्या चाचण्या घेतल्या, तर त्याचा वेग चक्क मंदावलेला निघाला. बुद्धी तल्लख होते म्हणणाऱ्यांची पंचाईतच. पण 1937 मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकात दोन गोष्टी आणखी आहेत : अभ्यासानंतर आपल्याला कमालीची शांतता लाभते, आणि ज्यांच्याशी जवळून ओळख झाली ते मूठभर योगी हे आपण पाहिलेल्यांत सर्वांत आनंदी लोक होते. हे कुठल्या यंत्रानं सांगितलं? कुठल्याच नाही. ते त्यानं स्वतःला विचारलं होतं आणि त्यांच्याकडे बघून ताडलं होतं. आजही ध्यानाच्या चाचण्यांत मेंदूच्या लहरी कितीही मोजल्या तरी सोबत कागद असतोच : गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं?

विचारण्याला प्रतिष्ठा मिळाली ती अगदी अनपेक्षित वाटेनं. 1982 साली कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या वृद्धांची माहिती तपासताना मॉसी आणि शपिरो यांना दिसलं, की ज्यांनी आपली तब्येत वाईट सांगितली ते डॉक्टरी नोंदी काहीही म्हणोत, इतरांपेक्षा लवकर गेले. 1997 मध्ये आयडलर आणि बेन्यामिनी यांनी असे 27 अभ्यास एकत्र मांडले आणि बहुतेकांचा कौल तोच निघाला. यंत्राला न दिसणारं काहीतरी माणसाला आतून कळत असतं.

पण हे सगळं श्रीमंत देशांतलं. अमर्त्य सेन यांनी 2002 मध्ये नेमकं बोट ठेवलं : केरळचे लोक बिहारच्या लोकांपेक्षा जास्त दुखणी सांगतात, आणि जगतात मात्र जास्त. दवाखाना जवळ असला की दुखणं बोलायची सवय लागते. तो लांब असला की दुखण्यालाच 'बरंय' म्हणतात.

इथे वढू परत येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकात इथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावोगावच्या बायका त्या कामाचा कणा होत्या. कोयाजींना 1993 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2002 पासून शिरूर-हवेलीतल्या 22 गावांत घरटी नोंद सुरू झाली : कोण जन्मलं, कोण गेलं, कोण सणसवाडीच्या कारखान्यासाठी राहायला आलं. काम कंटाळवाणं, पण सोन्याच्या मोलाचं. कारण त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्याच्या अभ्यासात आशिया-आफ्रिकेतली आठ केंद्रं सामील झाली, बांगलादेशातलं मतलब, दक्षिण आफ्रिकेतलं अॅगिनकोर्ट, तसं भारतातलं हे एकच.

तब्येतीचा तो साधा प्रश्न याच अभ्यासातला. 'बरंय'वर तोडगा म्हणून त्याच्या प्रश्नावलीत छोट्या गोष्टी होत्या. एका काल्पनिक माणसाचं वर्णन करायचं, चालताना त्याला किती दम लागतो, झोप कशी लागते. मग विचारायचं, याची अवस्था कशी म्हणाल? सगळ्यांसमोर तीच गोष्ट, म्हणजे कोण किती सोसून 'मध्यम' म्हणतो ते उघडं पडतं. दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल आपण अधिक मोकळेपणानं बोलतो, हे पारावर बसणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. त्याचं हत्यार करायला 2004 साली गॅरी किंग या राज्यशास्त्रज्ञाला लेख लिहावा लागला. ही युक्ती कितपत टिकते हेही वढूच्या सिद्धिविनायक हिर्वे, संजय जुवेकर आणि सहकाऱ्यांनी या केंद्रांच्या माहितीवर ताडून पाहिलं. पन्नाशीपुढच्या बायकांनी पुरुषांपेक्षा आपली तब्येत वाईट सांगितली, हेही या कामातून पुढे आलं. आयुष्यभर 'मला काय धाड भरलीय' म्हणणाऱ्या बायकांनी ते कागदावर सांगितलं, हे मला आकड्यांहून मोठं वाटतं.

आणि जन्म-मृत्यूची ती कंटाळवाणी नोंद शेवटी कामाला आली. कोण काय म्हणालं होतं आणि नंतर कोण गेलं, हे एकमेकांशी जुळवून 2012 मध्ये निष्कर्ष छापला गेला : मॅनिटोबासारखंच वढूतही, तब्येत वाईट आहे म्हणणाऱ्यांना मृत्यूचा धोका अधिक होता.

तेव्हा दारात कुणी कागद घेऊन आलं आणि आजीला विचारू लागलं, तर तिच्या वतीनं 'बरंय तिचं' म्हणू नका. तिला बोलू द्या.