मोफत व कायदेशीर संगीत डाउनलोड
प्रताधिकाराची मुदत संपलेले अथवा हक्कधारकाने मुक्त परवान्याखाली दिलेले संगीत महाजालावरून विनामूल्य उतरवून घेणे कायदेशीर असते. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार गीत व चाल यांना रचनाकाराच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून, तर ध्वनिमुद्रणाला प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे संरक्षण असते. दोन्ही मुदती संपल्यावरच गाणे मुक्त होते.

चंद्रपूर-गडचिरोली परिसरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (निधन : ११ ऑक्टोबर १९६८) खंजिरी भजने लोकप्रिय आहेत. त्यांच्या हयातीत प्रकाशित झालेल्या रचना १ जानेवारी २०२९ पासून मुक्त होतील. मात्र नंतरच्या गायकांच्या ध्वनिमुद्रणांवरील हक्क स्वतंत्रपणे टिकतील. गोंडी रेला गीतांसारख्या पारंपरिक गाण्यांच्या नव्या ध्वनिमुद्रणांनाही हाच नियम लागू होतो. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक ध्वनिफितीखाली तिचा परवाना नमूद केलेला असतो.