हस्ताच्या पावसावर पेरलेलं सोलापूर

पायाखालचा खडक अजून गरम आहे, म्हणून फार थांबू नका. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या या सोलापुरात लाव्ह्याचा एक थर थिजतो, त्यावर दुसरा येतो, एवढंच. पुढे याच थरांची पश्चिमेकडची कड सह्याद्री म्हणून उभी राहील आणि मोसमी ढगांचं बहुतेक पाणी तिकडेच उतरवून घेईल. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर. तुमच्या वाट्याला जेमतेम पाच-सहाशे.

बाराव्या शतकात या. सिद्धरामेश्वर तळं खोदवून घेताहेत. कुणीतरी कन्नडमधून काही बोलत तुमच्या हातात मातीची पाटी देतो. घ्या. इथं गाव वसवायचं म्हणजे आधी पाणी अडवायचं.

आता मंगळवेढ्याला मात्र रेंगाळा. पंधरावं शतक, आश्विन महिना. वावरात हात खुपसा: काळी माती खोल, चिकट, गार. खडक झिजून झालेली ही माती हस्ताचा पाऊस पोटात धरून ठेवते, आणि त्या ओलीवर ज्वारी थंडीभर वाढते. पावसाळा सरताना पेरायचं, हे कोकणातल्या माणसाला वेडेपणाच वाटेल! दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाचं कोठार लोकांना खुलं केलं, ती कथा इथलीच. तिच्यातला चमत्कार बाजूला ठेवा. बादशहाचं कोठार याच गावात का, ते हातातल्या ढेकळाला विचारा.

हे काळं रान सोडून माळावर चढा. माती वीतभर, खाली मुरूम. नांगर इथं हरतो, गवत जिंकतं. गवतामागे धनगरांची मेंढरं, मेंढरांमागे लांडगा. बाजूला काळवीट, आणि मान ताठ ठेवून चालणारा माळढोक. इंग्रजी अमलातला कारकून या सगळ्यासमोर ‘पडीक’ असा शेरा मारतो. त्याचा राग येऊ द्या, कारण तो शेरा पुढे टिकला. माळ हिरवा करायचा म्हणून त्यावर झाडं लावली गेली. माळढोकाला तर चहूकडे नजर पोचेल असं उघडं रान लागतं.

1871 चा हिप्परग्याचा तलाव धावता धावता बघा. 1980 च्या सुमाराला उजनीचं धरण पुरं होतं, भीमेकाठी ऊस चढतो, धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात. पाचशे मिलिमीटरच्या मुलखात ऊस! पाणी आलं हे चांगलंच, पण उसाची ही हौस मला कधी पटली नाही.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आज काळवीट नक्की दिसतील, नशीब असेल तर लांडगाही. माळढोकाचा भरवसा नाही. तो बघायचा तर त्याच्यासाठी इथं अभयारण्य झालं त्या 1979 सालीच उतरायला हवं होतं.