खुद्री, शिंगटी, खवलचोर

देवळाली प्रवराच्या शिवारात उभा असतो तो ऊस. त्याच्या जातीला लिनियसने १७५३ साली सॅकरम ऑफिसिनारम असं नाव दिलं. मुलं ते परीक्षेपुरतं घोकतात. पण त्यातलं 'सॅकरम' आपल्या शर्करेच्याच कुळातलं. हा शब्द इथून ग्रीकांकडे गेला आणि पुढे लॅटिनमध्ये रुळला. 'ऑफिसिनारम' म्हणजे औषधांच्या दुकानातलं, कारण युरोपात साखर एके काळी औषधवाल्यांकडे मिळे.

दख्खनच्या माशांची गोष्ट तर याहून आपली. विल्यम साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई इलाख्याची सांख्यिकी माहिती जमवण्याचं काम त्याच्याकडे आलं आणि तो दख्खनभर फिरला. भीमा, मुळा-मुठा या नद्यांमधल्या माशांची त्याने केलेली वर्णनं १८३९ मध्ये लंडनला छापून आली. बऱ्याच नव्या जातींना नावं देताना त्याने नदीकाठची बोली नावं जशी कानावर पडली तशी रोमन लिपीत उतरवली. म्हणून आज जगभरचे मत्स्यतज्ज्ञ टॉर खुद्री, मिस्टस सींगटी, गारा मुल्या असं म्हणतात.

सींगटी म्हणजे आपली शिंगटी. तिच्या पाठीवरच्या आणि छातीजवळच्या परांना टोकदार काटे असतात, गळावरून सोडवताना बेसावध हाताला हमखास टोचतात. मुल्या म्हणजे मळ्या. खालच्या ओठामागच्या चकतीने तो दगडाला चिकटतो आणि वाहत्या पाण्यातही जागा सोडत नाही. खुद्री हा महसीर. त्याच्या नावातलं 'टॉर'ही देशीच, बंगालकडच्या बोलीतलं.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडतं ते नाव मात्र मराठी माणसानेच दिलं. कृष्णेच्या खोऱ्यातला एक छोटा मासा दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ साली त्याचं नाव ठेवलं खवलचोर. पुढे शास्त्रज्ञांनी त्याची प्रजाती बदलली, नावाचा पहिला शब्द बदलला, पण 'खवलचोर' तसाच राहिला. नियमच तसा आहे: जात दुसऱ्या प्रजातीत गेली तरी तिचं मूळ नाव सोबत जातं, फार तर शेवटचं अक्षर लॅटिन व्याकरणापुरतं बदलतं.

शिंगटी, मळ्या यांच्या शास्त्रीय नावापुढे नाव देणारा म्हणून साइक्सचं नाव लागतं. ज्यांनी त्याला 'ही शिंगटी, हा मळ्या' असं सांगितलं, त्या माणसांचं नाव कुठेच लागत नाही. हा अन्याय आता भरून निघणार नाही. पण प्रवरेकाठी ज्यांनी उभा जन्म जाळी टाकली, अशी म्हातारी माणसं अजून आहेत. राहुरी-देवळालीच्या शिक्षकांनी मुलांना त्यांच्याकडे पाठवावं. मासा कोणता, त्याला काय म्हणतात, कुठे सापडला, हे वहीत लिहून घ्यावं आणि सांगणाऱ्याचं नावही शेजारी लिहावं.