शोधक वेटोळ्याचे प्रवर्तकत्व आणि तेरची भूमी

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील कुर्डुवाडी हे गाव रेल्वेने वाढविले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेचा २ फूट ६ इंच रुंदीचा मार्ग १८९७ साली येथून बार्शीपर्यंत खुला झाला आणि १९११ पर्यंत तो लातूरला पोहोचला. याच मार्गाच्या टापूत तेर हे प्राचीन स्थळ आहे. १९०१ साली फ्लीट यांनी हे तेर म्हणजेच 'पेरिप्लस'मध्ये आणि टॉलेमीच्या ग्रंथात उल्लेखिलेले तगर होय, असे प्रतिपादन केले. कुर्डुवाडी व बार्शी त्या वेळी ब्रिटिश अमलाखालील सोलापूर जिल्ह्यात मोडत, तर तेर निजामाच्या राज्यात. पुढे रेल्वे सरकारच्या ताब्यात गेली, निजामाचे राज्य लयास गेले आणि २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग रुंदही झाला. परंतु जमिनीत पुरलेल्या धातूविषयीची माणसाची उत्सुकता मात्र तशीच राहिली. तिच्या हाती तांब्याच्या तारेचे एक वेटोळे कसे आले आणि त्या वेटोळ्याला काय कळते व काय कळत नाही, हे पाहणे उद्‌बोधक आहे.

या साधनाचा उगम १८७९ साली डेव्हिड ह्यूज यांनी सिद्ध केलेल्या प्रवर्तन-तुलेत सापडतो. दोन बाजूंची वेटोळी समतोल ठेवावयाची. एका बाजूजवळ धातू आला की समतोल बिघडून टेलिफोनच्या कर्णिकेत आवाज उमटावयाचा, हे तिचे तत्त्व. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली, तेव्हा शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी हीच तुला वापरली. जुन्या युद्धातील गोळ्या अंगात बाळगणाऱ्या सैनिकांवर ती यशस्वी ठरली होती. अध्यक्षांच्या बाबतीत ती फसली. गादीखाली पोलादी तारा होत्या. शिवाय शोध उजव्या बाजूपुरताच करू देण्यात आला आणि गोळी निघाली डावीकडे. उपकरण बिनचूक असूनही परिसरातील इतर धातू त्याला चकवितो, ही गोष्ट तेव्हापासून आजतागायत खरी आहे.

दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी हाताने वाहून नेता येईल असा सुरुंगशोधक सिद्ध केला आणि १९४२ मध्ये तो एल् अलामेनच्या रणांगणावर उपयोगी पडला. त्याअगोदर १९४१ च्या आरंभी ॲबिसिनियाच्या मोहिमेत खडकीच्या बाँबे सॅपर्स पलटणीचे प्रेमिंद्रसिंग भगत यांनी सलग चार दिवस राबून ५५ मैलांच्या टापूतील १५ सुरुंगक्षेत्रे निकामी केली आणि त्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. असे साधन हाती आल्याने काय वाचले, हे त्यावरून कळते.

युद्धोत्तर काळात हे साधन घरगुती हौशी लोकांच्या आवाक्यात आले. वेटोळे करणे वरकरणी सोपे: लाकडी फळीवर वर्तुळात खिळे ठोकावयाचे, त्यांभोवती इनॅमल दिलेली तार गुंडाळावयाची, दोऱ्याने घट्ट बांधावयाचे. खरी कसोटी प्रवर्तकत्वाची असते. सुमारे २० सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात सुमारे २५ फेरे दिले असता ३०० मायक्रोहेन्रीच्या आसपास प्रवर्तकत्व मिळते. ८,४०० पिकोफॅरडच्या धारित्राशी ते जोडले तर आंदोलकाची कंप्रता १०० किलोहर्ट्झच्या जवळपास येते. परंतु प्रवर्तकत्व फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २५ ऐवजी २६ फेरे पडले, तर ते ८ टक्क्यांनी वाढते आणि कंप्रता जवळजवळ ४ किलोहर्ट्झने उतरते. उलट, एखाद्या नाण्याने प्रवर्तकत्वात दहा हजारांत एक भाग फरक पडला, तर कंप्रतेत अवघा ५ हर्ट्झचा बदल होतो. दुसऱ्या स्थिर आंदोलकाशी तुलना करून हा बदल कानाला ऐकवावयाचा असतो. फेऱ्यांची चूक धारित्र बदलून सावरता येते. परंतु तारा सैल असतील आणि चालताना वेटोळे थोडे जरी लवले, तर नाण्याचा आवाज आणि वेटोळ्याचा आवाज वेगळे काढता येत नाहीत. म्हणूनच तार बांधण्याच्या कामाला फेरे मोजण्याइतकेच महत्त्व आहे.

या हिशेबासाठी हॅरल्ड व्हीलर यांचे १९२८ सालचे सूत्र वापरण्याचा प्रघात आहे. त्यात त्रिज्या, लांबी व जाडी यांची तीन पदे असून ती परस्परांच्या जवळपास असताना सूत्र उत्तम लागू पडते. शोधकाचे वेटोळे मात्र मोठ्या कड्यासारखे असते. त्रिज्येचे पद इतर दोहोंच्या कित्येक पट होते आणि उत्तर काही टक्क्यांनी चुकते. अखेर मोजून पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

आता भूमीचा प्रश्न. या टापूतील काळी माती बसाल्ट खडक झिजून झालेली असून तिच्यात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे असतात. अशी माती वेटोळ्याचे प्रवर्तकत्व वाढविते आणि कंप्रता उतरविते. तांबे, शिसे यांसारख्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात व ते प्रवर्तकत्व घटवितात, कंप्रता चढते. दोन्ही परिणाम परस्परविरुद्ध असल्याने वेटोळे जमिनीपासून बोटभर वर-खाली झाले, तरी शोधणाऱ्याची फसगत होऊ शकते.

तेर येथे १९५८ साली चापेकर यांनी उत्खनन केले. तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात या गावच्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे. त्यातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी तिची तुलना केली जाते. ही मूर्ती कोणत्याही वेटोळ्याला ऐकू आली नसती. मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, मणी, विटांचे बांधकाम यांनाही त्याच्या लेखी अस्तित्व नाही. (तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.) त्याला कळतात ती सातवाहनांची शिशाची व पोटिनची नाणी, आणि तीही आजकालच्या पत्र्याच्या तुकड्यापासून सहज वेगळी काढता येत नाहीत. साहजिकच वेटोळ्याच्या आवाजावर खणणारा मनुष्य एका नाण्यासाठी अनेक खड्डे करतो. प्रत्येक खड्ड्यात वरचा थर खालच्यात मिसळतो, आणि ते नाणे कोणत्या भांड्याबरोबर, कोणत्या विटेखाली होते हे सांगणारा पुरावा नाहीसा होतो. नाण्याचा काळ त्याच्यावरील नावावरून ठरविता येईल. पण त्या थरातील मातीच्या भांड्यांचा काळ ज्यावरून ठरावयाचा, तेच साधन त्याच्याबरोबर जाते.

ब्रिटिश हिंदुस्थानातील १८७८ च्या निधि-अधिनियमान्वये १० रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास कलेक्टरला लेखी वर्दी देणे बंधनकारक करण्यात आले. अधिनियमाचा रोख निधी कोणाचा यावर आहे. तो कोणत्या थरात सापडला हे नोंदविण्याचे काम उत्खननकर्त्याच्या वहीवरच राहिले. उत्खननातही वेटोळ्याला स्थान आहे. थर नोंदवून बाहेर काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावरून ते फिरविले, तर चाळणीतून निसटलेले शिशाचे नाणे हाती येते आणि त्याचा थरही ठाऊक असतो.