कलम ६९ (माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००)

कलम ६९ ही भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील एक तरतूद आहे. या कलमान्वये केंद्र व राज्य शासनांना संगणकात साठवलेली किंवा संगणकाद्वारे पाठवलेली माहिती वाटेत अडवण्याचा, तिच्यावर देखरेख ठेवण्याचा आणि कूटबद्ध माहितीची उकल करून घेण्याचा आदेश देता येतो. अशा आदेशासाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी लागत नाही. या कलमाविषयीचा मुख्य वाद याच मुद्द्यावर आहे.

पार्श्वभूमी

दूरध्वनी संभाषणे ऐकण्याचा अधिकार शासनाला भारतीय तार अधिनियम, १८८५ च्या कलम ५(२) ने दिला होता. १८ डिसेंबर १९९६ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अधिकारावर बंधने घातली. आदेश गृहसचिवांनीच काढावा, त्याला मुदत असावी आणि समितीने त्याची तपासणी करावी, असे न्यायालयाने ठरवले. न्यायालयाची पूर्वपरवानगी मात्र बंधनकारक केली नाही. कलम ६९ ची पुढील कार्यपद्धती याच चौकटीवर बेतलेली आहे.

कलमाचे सध्याचे रूप २००८ च्या दुरुस्तीने आले व २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले.

व्याप्ती

देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि सार्वजनिक सुव्यवस्था ही आदेशाची प्रमुख कारणे आहेत. तार अधिनियमात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही पूर्वअट होती. कलम ६९ मध्ये ती नाही. उलट, कोणत्याही गुन्ह्याचा तपास हेही कारण त्यात समाविष्ट आहे. सेवा पुरवणाऱ्या कंपनीने किंवा संबंधित व्यक्तीने सहकार्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कारावास व दंडाची तरतूद आहे.

कार्यपद्धती

२००९ च्या नियमांनुसार केंद्रात केंद्रीय गृहसचिव व राज्यात गृह विभागाचे सचिव हे सक्षम प्राधिकारी असतात. आदेश ६० दिवस लागू राहतो. मुदतवाढीसह एकूण कालावधी १८० दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. आदेशाची प्रत सात कार्यदिवसांत पुनर्विलोकन समितीकडे पाठवावी लागते. केंद्रातील समितीचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव, तर राज्यातील समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात. म्हणजेच आदेश देणारे व तो तपासणारे दोघेही शासनाचेच सचिव असतात. ही कार्यवाही गोपनीय असते आणि ज्याची माहिती पाहिली गेली त्याला नंतरही तसे कळवण्याची तरतूद नसल्याने त्याला दाद मागणे कठीण जाते.

माहितीची उकल करून देण्याचे कंपनीचे दायित्व तिने स्वतः कूटबद्ध केलेल्या किंवा जिची किल्ली तिच्या ताब्यात आहे अशा माहितीपुरतेच मर्यादित आहे. ज्या संदेशसेवेत किल्ली केवळ वापरकर्त्यांच्या उपकरणांवर असते, तेथे या मर्यादेला विशेष महत्त्व येते.

२०१८ चा आदेश

२० डिसेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने गुप्तचर विभाग, केंद्रीय अन्वेषण विभाग, अंमलबजावणी संचालनालय, राष्ट्रीय तपास संस्था व दिल्लीचे पोलीस आयुक्त यांच्यासह दहा यंत्रणांना या कलमाखाली प्राधिकृत केले. यात नवे अधिकार दिलेले नसून प्रत्येक प्रकरणात सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी आवश्यकच आहे, असे मंत्रालयाने स्पष्ट केले. आदेशाला आव्हान देणाऱ्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केंद्राला नोटीस काढली.

खासगीपणाचा हक्क

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यावरील निर्बंधाला कायद्याचा आधार, वैध उद्देश आणि उद्देशाशी प्रमाणबद्धता आवश्यक मानली गेली. याच कसोटीच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातील दूरध्वनी संभाषणे ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले. ते आदेश तार अधिनियमाखालील होते.

न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीनेही २०१८ च्या अहवालात गुप्तचर यंत्रणांवरील देखरेखीच्या उणिवांकडे लक्ष वेधले होते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १७(२) ने मात्र केंद्र शासनाला आपल्या यंत्रणांना अधिसूचनेद्वारे त्या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार दिला आहे.